अक्कोरूंची अॅल्युमिनियमची सायकल

हुबळीच्या कमरीपेठेत माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चाळीस वर्षं होऊन गेली. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून फक्त सकाळी उघडतो. दुपारी जेवायला घरी गेलो की परत येत नाही. दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहून द्या, असं सांगायला मंडळी आली तेव्हा मी म्हटलं, पंक्चरची काय गोष्ट सांगायची. ती गेल्यावर घरी ही म्हणाली, "अक्कोरूंच्या गाडीचं लिहा की." तेच लिहितो.

आमच्या भागात शाळेतल्या बाईंना अक्कोरू म्हणतात. शब्द कानडी आहे, पण मराठी घरांतही तोच चालतो. विमल अक्कोरू धारवाडला मुलींच्या शाळेत खेळ शिकवायच्या. मळमड्डीत थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. लग्न केलं नव्हतं. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि आवाज असा, की मैदानाच्या त्या टोकाची मुलगी जागच्या जागी थांबायची. त्यांचे भाऊ अमेरिकेत होते. नव्वदच्या दशकात एकदा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी बहिणीसाठी डोंगरात चालवायची सायकल आणली, सुटी करून खोक्यात भरून. धारवाडातल्या दोन दुकानांनी ती जोडायला नको म्हटलं. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं आणि अक्कोरू खोकं बसमध्ये घालून हुबळीला आल्या.

मी फ्रेम खोक्यातून काढली आणि ती एका हाताने वर आली तेव्हा मला वाटलं, हिच्यातलं काहीतरी आत राहिलंय. तोवर मी अॅल्युमिनियमच्या पातेल्या पाहिल्या होत्या, रिमा पाहिल्या होत्या. आख्खी फ्रेम कधी पाहिली नव्हती. नळ्या माझ्या मनगटाएवढ्या जाड. निळा रंग. शेजारचा बांगडीवाला येऊन टिचकी मारून गेला आणि म्हणाला, प्लास्टिक आहे, पैज लावतो. दोन दिवस खपून मी ती जोडली. अक्कोरूंनी रस्त्यावर एक फेरी मारली, उतरल्या, आणि म्हणाल्या, "अण्णा, ही माझ्याआधी पळते."

त्यानंतर दर रविवारी त्या धारवाडहून अळणावरच्या रस्त्याने जंगलाकडे जायच्या. एकट्या. वर्षातून दोनदा गाडी माझ्याकडे यायची: बेअरिंगला ग्रीस, ब्रेकचे गुटके, चाकाचा बाक काढणं. मला त्या गाडीचा अभिमान होता. दुसरी कुणाकडे नव्हती आणि तिची देखभाल मी करत होतो.

इथे थोडं धातूविषयी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोलादाची फ्रेम दुखावली की आधी कळवते. वाकते, रंग फुगतो, गंज दिसतो, चालवणाऱ्याला गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. अॅल्युमिनियम तसं नाही. जोडाच्या कडेला केसाएवढी चीर पडते, ती आतल्या आत वाढते आणि एक दिवस नळी एकदम सुटते. चीर पडल्यावर माझ्यासारख्याने ती वेल्डिंगने भरूनही भागत नाही. त्या आचेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. कारखान्यात जोडकाम झालं की फ्रेम भट्टीत ठरावीक उष्णता देऊन पुन्हा कडक करतात. ती भट्टी माझ्याकडे कुठली? हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं.

गाडी घेऊन दहाएक वर्षं झाली असतील. एकदा अक्कोरू आल्या आणि गाडी उलटी करून म्हणाल्या, "अण्णा, हे बघा. ओरखडा वाटत नाही."

हँडल ज्या आखूड नळीतून खाली जातं तिला आम्ही हेडची नळी म्हणतो. तिला खालून जाड तिरकी नळी येऊन मिळते. त्या जोडाच्या कडेला बोटाच्या पेराएवढी लांब, बारीक रेघ होती. मी चष्मा लावला, रेघेवरून नख फिरवलं. नख अडकल्यासारखं वाटलं, पुन्हा फिरवलं तर वाटलं नाही.

"रंगाची भेग आहे," मी म्हटलं. "एनू आगंगिल्ल. काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

तरी एक गोष्ट केली. बांगडीवाल्याकडून लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एकेक ठिपका दिला. म्हटलं, रेघ या ठिपक्यांच्या बाहेर गेली तर लगेच या. त्या हसल्या. "गाडीला टिकली लावलीत," म्हणाल्या आणि गेल्या.

महिना-दीड महिन्याने विद्यानगरातला एक बँकेतला माणूस त्याची अॅल्युमिनियमची सायकल घेऊन आला. एव्हाना तशा गाड्या हुबळीत दिसू लागल्या होत्या. तक्रार अशी, की पुढून टक टक आवाज येतो. मी खाली वाकून बघितलं तर त्याच जोडाच्या कडेला तशीच रेघ. मी पुढचा ब्रेक दाबून धरला आणि हँडलवर भार दिला. रेघ उघडली. आत चकचकीत धातू दिसला. भार काढला, मिटली. तो माणूस म्हणाला, "अरे वा, तोंड उघडतंय की." त्याला मजा वाटली. अक्कोरूंच्या गाडीवर मी असा भार देऊन बघितलाच नव्हता. नख फिरवलं होतं फक्त.

त्यांच्या घरचा फोन नंबर माझ्या वहीत होता. त्याच संध्याकाळी बूथवरून लावला, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावायचा होता. दसरा तोंडावर होता, दुकानात गाड्यांची रांग. हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे, की मी "नक्की" म्हणून बसलो होतो, आणि आता फोन करून "नक्की नाही" म्हणायचं मला जड जात होतं.

दसरा झाला आणि सुटे भाग विकायला धारवाडहून येणाऱ्या माणसाने सहज बातमी सांगितली. "तुमच्या त्या खेळाच्या अक्कोरू अळणावरच्या रस्त्यावर पडल्या म्हणे. गाडी मोडली. खुबा गेला त्यांचा."

कुठून मोडली, कशी मोडली, विचारायची गरज वाटली नाही. मला ती जागा डोळ्यांसमोर दिसत होती.

ही म्हणाली, भेटून या. मोसंबी घेतली, बसने धारवाडला गेलो, मळमड्डीत त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलो. घरासमोर चार-पाच चपला दिसत होत्या, भेटायला लोक आले होते. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो आणि परत आलो. मोसंबी मुलांनी खाल्ली. पुढे कळलं की त्यांना बहिणीने बेळगावला नेलं, तिथे ऑपरेशन झालं, त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर अठरा वर्षं मी मळमड्डीत पाऊल टाकलं नाही. धारवाडात काम निघालं तर बाजूच्या रस्त्याने जायचो.

धंद्यात मात्र फरक पडला. अॅल्युमिनियमची गाडी आली की मी ती स्टँडला लावून भिंग घेऊन बसायचो. प्रत्येक जोड पुसायचा, भार देऊन बघायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, पंक्चर आहे फक्त." मी म्हणायचो, बसा दहा मिनिटं. काही वैतागून दुसरीकडे गेले. तीन गाड्यांत खऱ्या चिरा सापडल्या. त्या तिघांना मी गाडीवर बसू दिलं नाही. त्यांच्यातला एक तर भांडला. पुण्य मिळवलं असं तेव्हा वाटलं नाही. उशिरा सुचलेलं शहाणपण एवढंच.

गेल्या वर्षी, दुकान नुकतंच उघडून झाडत होतो, तेव्हा दारात रिक्षा थांबली. आतून आधी काठी बाहेर आली, मग अक्कोरू. केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ.

"ओळखलंत का अण्णा?"

"ओळखलं," मी म्हटलं. झाडू हातातच होता.

"दुकान अजून आहे हे बरं झालं. मला वाटलं, इथं आता मोबाइल विकत असतील."

रिक्षावाल्याने मागून चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं काढून माझ्या पायाशी ठेवलं. अक्कोरूंनी गाठ सोडली. निळी फ्रेम. माझी नजर सरळ त्या जोडावर गेली आणि मला काही समजेना. नळी जागच्या जागी होती. सगळ्याच नळ्या होत्या. पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकून तिरक्या नळीला टेकला होता, चाक नव्हतं, पण फ्रेम आख्खी होती.

"ही मोडली होती ना?" मी विचारलं.

"चाक मोडलं. चिमटा वाकला."

"फ्रेम?"

"फ्रेम कशाला मोडेल? पुढं उसाचा ट्रॅक्टर चालला होता. उतारावर त्यातनं दोन-तीन ऊस खाली पडले. मला दिसले, पण वेळ कुठं होता? चाक त्याच्यावर चढलं आणि फिरलं. गाडी चरात, मी पण चरात." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय झालं हो?"

मी स्टुलावर बसलो होतो. "काही नाही," म्हटलं, "पाणी पितो."

माठातलं पाणी प्यालो आणि भिंग काढलं. धुळीखाली नेलपॉलिशचे दोन्ही ठिपके होते, तपकिरी पडलेले. रेघ त्यांच्या आतच होती. छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. अर्धं राहिलं, कारण रेघ रंगाची की धातूची, हे अजूनही मला माहीत नव्हतं.

"माळा साफ करताना निघाली," अक्कोरू सांगत होत्या. "भाचा म्हणतो भंगारात टाक. डॉक्टर म्हणतात सायकल चालवा, खुब्याला बरं. मग भाच्यानं ती घरात उभी राहणारी सायकल आणून दिली. भिंतीकडं तोंड करून पाय मारायचे. दोन दिवस केलं. मला ते होत नाही अण्णा. ही होईल का?"

"बघून सांगतो," मी म्हटलं. "आज काहीच सांगत नाही."

त्या थोड्या नवलाने बघत राहिल्या. पूर्वीचा मी तिथल्या तिथे हो म्हणून मोकळा झालो असतो.

मी कामाला लागलो. सगळ्यात आधी वाकलेला चिमटा काढला आणि हेडच्या मागे दोन्ही नळ्यांवरून खालच्या अंगाने बोट फिरवलं. समोरून मार बसला की तिथे नळीला सुरकुती येते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते. डोळे मिटून तीनदा फिरवलं. सुरकुती नव्हती. सगळा मार पोलादी चिमट्याने घेतला होता. मग दोरा लावून फ्रेम सरळ आहे का ते मोजलं. हेडपासून मागच्या चाकाच्या खाचेपर्यंत दोरा ताणायचा आणि दोन्ही बाजूंना मधल्या नळीपासूनचं अंतर बघायचं. सारखं भरलं.

मग सीटची दांडी अडली. अठरा वर्षं दांडी फ्रेमच्या नळीत तशीच राहिली होती, आणि घामाचं, पावसाचं मीठ आत जाऊन दोघींची पांढरी राख होऊन त्या एकजीव झाल्या होत्या. चार दिवस वरून तेल सोडलं. हलेना. पोलादाची दांडी असती तर नळी गरम करून बघितली असती, अॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि वाट देतं. पण इथे दोन्ही एकाच धातूच्या, दोन्ही सारख्याच फुगणार. दांडी व्हाइसच्या जबड्यात आवळून फ्रेमच फिरवायची, हा एक उपाय असतो. मी एकदा जोर लावला, फ्रेमने बारीक आवाज केला आणि मी हात काढला. त्या आवाजाने घरी जेवण गेलं नाही.

शेवटी दांडी वरून कापली आणि करवतीचं नुसतं पातं एका टोकाला चिंधी गुंडाळून आत घातलं. दांडीला आतून उभी चीर पाडत जायचं, पण फ्रेमच्या नळीला पातं लागू द्यायचं नाही. दिवसाला अर्धा इंच. पातं लागतंय की नाही हे आवाजावरून कळतं, म्हणून मी समोरच्या हॉटेलवाल्याला रेडिओ बारीक करायला सांगितलं. त्याने विचारलं, घड्याळ दुरुस्त करताय का? आठव्या दिवशी चीर तळाशी पोचली. छिन्नीने दांडीची एक कड आत दाबली, पकडीत धरून पिळली आणि ती गुंडाळलेल्या कागदासारखी बाहेर आली. आत टॉर्च मारून बघितलं. नळीला दोन ओरखडे, खोल नव्हते. त्या दिवशी मी हॉटेलवाल्याला आपणहून चहा पाजला.

मग रंग. लोखंडी फ्रेमचा रंग उतरवायला आमचे रंगारी ती कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवतात. अॅल्युमिनियमला तो सोडा खाऊन टाकतो. म्हणून फ्रेम कुणाच्या हाती दिलीच नाही. रंग मऊ करणारी पेस्ट लावून, लाकडी पट्टीने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने खरवडत बसलो. त्या जोडाकडे शेवटी गेलो. ठिपके गेले, निळा रंग गेला, खालचा पांढरा थर गेला. उघडा धातू दिसला आणि त्यावर रेघ होती. पुसट, केसाहून बारीक. पण होती.

मी भार देऊन बघितला. उघडली नाही. भिंगाने बघितलं. काही कळेना. दुसऱ्या दिवशी इरण्णाला फोन केला. हा धारवाडजवळच्या बेलूरला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आयटीआयला जायचा तेव्हा त्याची सायकल मीच चालती ठेवली होती. तो म्हणाला, "घेऊन या मामा, डाय मारून बघू. सुपरवायझरला विचारून ठेवतो." मी अक्कोरूंना फोन केला की फ्रेम तपासायला बेलूरला नेतोय. त्या म्हणाल्या, "मीपण येते. वाटेवरच आहे माझं घर."

ती तपासणी सोपी असते. धातू लख्ख पुसायचा आणि त्यावर लाल पातळ रंग फवारायचा. चीर असेल तर तो रंग आत शिरतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, वरचा रंग फडक्याने पुसून काढायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. चिरेत रंग राहिला असेल तर तो भुकटीवर उमटतो, लाल रेघ होऊन.

इरण्णाने लाल रंग मारला आणि आम्हाला शेडबाहेरच्या बाकावर बसवलं. मी आणि अक्कोरू. समोर लोखंडी पट्ट्यांचे गठ्ठे उतरवणं चाललं होतं. तिथे मी त्यांना सगळं सांगितलं. बँकेतला माणूस, उघडणारी रेघ, न उचललेला फोन, पुन्हा न केलेला फोन, गल्लीच्या तोंडावरून परत गेलो ते.

त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"तुम्ही फोन केला असता तर मी त्या रविवारी गेले नसते," त्या म्हणाल्या.

"हो."

"ऊसही आडवा आला नसता."

"हो."

"मग हे दोन्ही खरं आहे. गाडीचा दोष नव्हता आणि तुम्ही फोन करायला हवा होता." वर्गात बोलावं तसं बोलल्या, आवाज न चढवता. "पण मला राग कशाचा आला होता सांगू? बेळगावला मी सहा महिने पडून होते. शाळेतल्या मुली आल्या, दूधवाला येऊन गेला. आणि माझ्या गाडीचा डॉक्टर आला नाही. मी बहिणीला म्हणायची, त्यांना कळलं नसेल. कळलं असतं तर आले असते."

मी मान खाली घातली.

"बरं, चला," त्या काठी टेकत उठल्या. "वीस मिनिटं झाली."

इरण्णाने लाल रंग पुसला. मग पांढरी फवारणी केली. सगळा जोड भिंतीसारखा पांढरा झाला. आम्ही तिघे वाकून बघत होतो. एक मिनिट काही नाही. मग त्या रेघेच्या वरच्या टोकाला लाल ठिपका उमटला, मोहरीएवढा. मी मागे सरकलो.

"थांबा मामा," इरण्णा म्हणाला. "घाबरू नका."

ठिपका थोडा मोठा झाला आणि थांबला. त्याला शेपूट फुटली नाही. रेघ जिथे होती तिथे सगळं पांढरंच होतं. इरण्णाने आणखी दहा मिनिटं जाऊ दिली. मग सगळं धुऊन पहिल्यापासून पुन्हा केलं. तोच ठिपका, तेवढाच.

"हा बुडबुडा आहे," तो म्हणाला. "वेल्डिंग करताना हवा राहिली असणार, गाडी जन्मली तेव्हापासूनचा. चीर असती तर लांब लाल रेघ आली असती. ती तुमची रेघ म्हणजे कारखान्यात जोड घासताना कानस लागलेली आहे. वरवरची. तिच्यामुळंच रंग तिथं फाटला असणार."

"चालवू शकते मी?" अक्कोरूंनी विचारलं.

"या जोडाला काही नाही अक्कोरू. हौद्री, हो, चालवा. वर्षातनं एकदा आणून दाखवा."

मी बाहेर गेलो आणि नळावर तोंड धुतलं. बराच वेळ धूत राहिलो. आत आलो तेव्हा अक्कोरू इरण्णाला त्याच्या मुलीच्या शाळेविषयी विचारत होत्या आणि त्याने तिच्या उंच उडीचा फोटो मोबाइलवर काढला होता. दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांनी बरं केलं. परतीच्या बसमध्ये फ्रेम मांडीवर घेऊन मी हुबळीपर्यंत झोपलो. दिवसाढवळ्या बसमध्ये मला कधी झोप लागत नाही.

पुढचं काम सुखाचं होतं. तसाच पोलादी चिमटा शोधायला महिना गेला, कारण हल्ली सगळे चिमटे स्प्रिंगचे आणि उंच. तसा घातला असता तर गाडीचं नाक वर झालं असतं. बेळगावच्या एका जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावर मिळाला. मागचं चाक चांगलं होतं. पुढचं आरे घालून नवीन विणलं. मागचा गिअर जिला लटकतो ती पट्टी अंगठ्याएवढी आत वाकली होती. त्या काळात ती फ्रेमचाच भाग असायची, तुटली तर बदलता येत नाही, म्हणून ती दोन दिवसांत, एका वेळी थोडी थोडी अशी बाहेर आणली. हँडल अक्कोरूंच्या पाठीला सोसेल इतकं उंच केलं. रंग पुन्हा निळाच, पण भट्टीत भाजून नाही, हातफवाऱ्याने. तो जोड तेवढा रंगवू दिला नाही. तिथे नुसतं पारदर्शक वार्निश, म्हणजे कुणालाही कधीही बघता येईल. अक्कोरूंना ते उघडं टक्कल आवडलं नाही. मी हट्ट सोडला नाही.

गाडी मी त्यांच्या घरी नेऊन दिली. मळमड्डीच्या गल्लीत शिरताना पाय जड होतील असं वाटलं होतं, पण हातात गाडी होती, तिच्याकडेच लक्ष होतं. त्यांच्या थोरल्या बहीण ओट्यावर बसल्या होत्या. नव्वदीच्या असतील. मला म्हणाल्या, "ही पडली तर तुम्हालाच उचलायला लावीन." अक्कोरूंनी काठी त्यांच्या हातात दिली, गाडी जरा तिरकी करून पाय पलीकडे टाकला आणि निघाल्या. पहिल्या दहा यार्डांत हँडल डगमगलं. मग नाही. कोपऱ्यावर त्यांनी हात दाखवला आणि केलगेरीच्या तळ्याकडे वळल्या.

"पंधरा मिनिटांत येते म्हणाली," बहीण म्हणाल्या.

अर्धा तास झाला. आत जाऊन चहा प्यालो. पाऊण तास झाला. मी ओट्यावरून उतरून फाटकाशी गेलो, तिथून कोपऱ्यापर्यंत. स्कूटर गेल्या, शाळेची रिक्षा गेली. बहीण मागून म्हणाल्या, "बसा हो. ती लहानपणापासून अशीच आहे."

तासाभराने कोपऱ्यावरून निळी गाडी आली. अक्कोरूंचा चेहरा लाल झाला होता, पायजम्याला चिखलाचे शिंतोडे. ओट्यापाशी ब्रेक लावला, एक पाय टेकवला आणि दम घेतला. मी वाट बघत होतो, आता काय म्हणतील.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "तिसऱ्या गिअरवर चेन कटकट करते. असं काम तुम्ही पूर्वी देत नव्हता."

मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि म्हटलं, "उतरा खाली, आत्ता बघतो."